गोल ते गोल

लेझरची नळी पेटेना म्हणून
प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी
मी आणि कुस्तोद लॅबमध्ये थांबलो.
खिडकीखाली रायबंदरचा धक्का,
चोडणची फेरीबोट जबडा टेकवून उभी,
स्कूटरी, माणसं, कोणाची तरी काळी शेळी.

कुस्तोद इथे एकोणीस वर्षं अटेंडंट.
त्याच्या कपाटात, ॲसिडच्या बाटल्यांमागे,
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला
पोर्तुगालचा पासपोर्ट आहे.
शापायचा, म्हणजे आजोबांचा, जन्मदाखला शोधून,
लिस्बनला नोंदवून, शिक्के मारून,
सगळं कधीच झालंय. दोनदा नूतनीकरणही.
त्याच्याबरोबरच अर्ज केलेला भाऊ
महिन्याच्या आत स्विंडनला पोहोचला.
हा अजून चोडणहून डबा घेऊन येतो.
विचारलं की म्हणतो,
"जातलें, टीचर. घाय कित्याक?"

उद्या मुलांना सांगायचंय:
उद्दीपित अणू वरच्या पायरीवर टिकत नाही.
सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करा,
त्यातले दहा-वीस सरायच्या आत
तो प्रकाश टाकून खाली आलेला असतो.
पण फोटॉन रिकाम्या हाताने निघत नाही.
जाताना गिरकी मागतो,
कमीत कमी एक, पूर्ण. अर्धी चालत नाही.
वरचं घर गोल आणि खालचंही गोल असलं
तर अणूपाशी द्यायला गिरकीच नसते.
ऊर्जा आहे, उतार आहे,
आणि तो बसलाय.

त्यातून हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन
एकाच कुशीवर वळलेले असले
तर खालच्या खोलीत दोघांना एकत्र मावता येत नाही,
एकाने आधी कूस बदलायला हवी,
आणि प्रकाशाला कूस बदलवणं
जवळजवळ जमतच नाही.
असा अणू, निर्जनात, कोणाचा धक्का न लागता,
दोन तासांहून जास्त वर राहतो.
दोन तास!
अणूच्या हिशेबात एवढ्या वेळात
डोंगर झिजतात.

"शेवटी उतरतोच ना, मग निषिद्ध का म्हणतात?"
गेल्या वर्षी प्रज्योती गांवसने विचारलं होतं.
मी म्हटलं, नाव ठेवणारा
दोन तास थांबला नसेल.
तिने ते वहीत उतरवलं, खाली रेघ मारून.
मला मग ते खोडायला सांगता आलं नाही.

सव्वासातला कुस्तोदने आरशाचा स्क्रू
नखाने, केसभर, फिरवला.
नळीत आधीच गुलाबी उजेड होता, निरुपयोगी,
आता भिंतीवर लाल ठिपका उमटला
कॅलेंडरमधल्या एकोणीस तारखेवर.
हा उजेड निऑनचा.
हेलियम वर अडकतो, भटकतो,
येता-जाता निऑनला धडकतो,
आणि त्याच्या घरातही नेमकी तेवढ्याच उंचीची
पायरी असते म्हणून
सगळं त्याच्या ओंजळीत ओतून
स्वतः मुकाट्याने खाली येतो.
लाल रंगात त्याचा स्वतःचा एक कणही नसतो.

मी पर्स उचलली. दारात एक पोरगा उभा,
जोव्हितो, गेल्या वर्षीच पास झालेला,
हातात निळी फाइल, चपलेला धक्क्यावरचा चिखल.
या लॅबच्या दारात अशा किती फाइली पाहिल्यात मी,
आज पहिल्यांदा मोजाव्याशा वाटल्या.
कुस्तोदने चष्मा लावला,
कागद लेझरच्या टेबलावर पसरले,
जुन्या अक्षरावर बोट ठेवलं:
"शापायच्या नांवांत एक अक्षर चुकलां.
हें पयलीं सारकें कर. मागीर सगळें जातलें."

खाली फेरीचा भोंगा झाला.
पोरगा दचकून खिडकीकडे वळला.
कुस्तोदने मान वर केली नाही,
पुढचं पान उलटलं.